हो, हं आणि हुकम

"हो म्हणू नका. काय ऐकलं ते म्हणा."

हे वाक्य मी पहिल्यांदा आमच्या फाटकात ऐकलं. ऐकणारा होता दूधवाला. आमच्या वरच्या भाडेकरू बाईने त्याला हिंदीत सांगितलं होतं की उद्या दूध नको, परवा दुप्पट दे. त्याने सायकलवरूनच मान हलवली, "हाँजी, हाँजी" केलं आणि निघाला. तिने फाटक धरून ठेवलं. क्या सुना, बोलो, म्हणाली. तो घाबरला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "कल दुगना."

ती माझ्याकडे वळली. "बघा काका. हाँजी म्हणाला होता."

दूधवाल्याचं काय, एक दिवस दूध जास्त आलं असतं तर खीर झाली असती. पण तिला त्यात खीर दिसायची नाही. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ती भीती होती, आणि दुधासाठी एवढी भीती मी कुणाच्या तोंडावर पाहिली नव्हती.

ती आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. मूळची वऱ्हाडातली, अकोल्याकडची. पस्तिशीच्या आतबाहेर. लग्न झालं होतं की नाही ते मी विचारलं नाही. आमच्या हिने विचारलं, तर तिने सांगितलं नाही. जयपूरजवळच्या या अख्ख्या चौमूंत मराठी बोलणारं घर आमचं एकच, म्हणून कुणीतरी तिला आमच्याकडे पाठवलं. मी नंदुरबारकडचा. रेल्वेत पॉइंट्समन होतो, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर जाणार तो सांधा बदलणारा. नोकरीने इकडे आणलं, शेवटची बदली सीकरच्या लाइनवर झाली आणि इथंच जागा घेऊन घर बांधलं. शाळा माझी चौथीपर्यंत. पण गाड्या माझ्या हाताने गेल्यात, तेव्हा मला कुणी परत म्हणायला लावू नये असा माझा स्वभाव. तिने पहिल्याच आठवड्यात मला पाण्याच्या मोटरीबद्दल काही सांगितलं आणि म्हणाली, काका, काय ऐकलं? मी म्हटलं, मी बहिरा नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. मोटर मात्र स्वतः येऊन बघून गेली.

आता विमानांचं सांगतो. आमच्या घरामागे शेतं आहेत आणि शेतांपलीकडे जुनी धावपट्टी. तिथं विमान शिकवायची एक शाळा होती. पिवळी लहान विमानं दिवसभर गिरक्या घ्यायची, उतरायची, पुन्हा उठायची. आम्हाला त्याची सवय होती, म्हशींनाही होती. मग तिथं मोठी विमानं आणायचं ठरलं आणि एक टॉवर उभा राहिला. नवाकोरा, वर हिरव्या काचा. गावातल्या बायका बरेच दिवस त्याला पाण्याची टाकी समजत होत्या आणि नळ कधी येणार म्हणून विचारायच्या.

त्या टॉवरात बसायला ती आली होती. पहिली आणि एकटी. मदतीला आणखी माणसं यायची होती, ती येतच होती.

तुम्हाला वाटेल, टॉवर झाला म्हणजे आभाळ त्याच्या ताब्यात आलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण तसं नसतं. वरून आदेश यावा लागतो, की या पट्टीभोवती एवढ्या वर्तुळात, एवढ्या उंचीपर्यंत, टॉवरला विचारल्याशिवाय कुणी शिरायचं नाही. तो आदेश निघायचा होता. तोवर ती काचेआड बसून विमानवाल्यांना फक्त माहिती द्यायची. वारा असा आहे, तुझ्या डाव्या हाताला दुसरं एक विमान आहे. इतकंच. तू थांब, तू उतर, असं म्हणायचा तिला अधिकार नव्हता. विमानवाले आपसांत बोलून काय ते ठरवायचे.

"म्हणजे तुम्हाला दिसतं, पण हात बांधलेले," मी म्हटलं.

"हात नाही काका. तोंड."

मी तिला आमच्या लाइनची गोष्ट सांगितली. पूर्वी एकेरी रुळावर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा द्यायचे, पेरूएवढा. तो एका यंत्रात बंद असायचा आणि पुढच्या स्टेशनाने तिकडून सोडल्याशिवाय बाहेर यायचा नाही. गोळा ज्याच्या हातात, लाइन त्याची. दुसऱ्या बाजूने गाडी येणारच नाही, कारण तिच्याकडे गोळाच नाही. मी म्हटलं, तुमच्यात गोळा कशाचा?

ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, चहा निवत होता.

"आमच्यात गोळा नाही," ती म्हणाली. "नुसता शब्द. मी देते, तो घेतो. घेतला का, ते त्यानं परत म्हटलं तरच कळते. हो म्हणाला तर काहीच कळत नाही. हो म्हणजे ऐकतोय, हो म्हणजे पटलं, हो म्हणजे आता पुरे करा. आणि सध्या तर मला शब्दही द्यायचा नाही जी."

मी रेल्वेचा माणूस. समोरासमोर दोन इंजिनं हा विचार आमच्या पोटात कायमचा बसलेला असतो, पेन्शनीत गेलो तरी निघत नाही. आजवर माझ्या डोक्यावर दिवसभर विमानं फिरत होती आणि मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून वाटू लागलं. आमच्या हिने खाट खिडकीपासून आत ओढली. मी विचारलं, विमान पडलं तर दोन हात आत ओढल्याने काय होणार? तर म्हणाली, तुम्ही झोपा खिडकीत.

तिची स्वतःची झोप तर गेलीच होती. सुट्टीच्या दिवशीही दुपारी तिचा डोळा लागायचा नाही. विमानाचा आवाज आला की वरचं दार उघडायचं आणि ती गच्चीच्या कठड्याशी. विमान उतरलं की दार बंद. पुन्हा आवाज, पुन्हा दार. आमची ही म्हणायची, पोरीला देवदर्शनाला घेऊन जा कुठंतरी. मी म्हटलं, जिथं नेऊ तिथं वर आभाळ आहेच.

एकदा मी गच्चीत होतो, वाळवणाशी. एक पिवळं विमान सीकरच्या बाजूने पट्टीकडे वळलं आणि त्याच वेळी डोंगराच्या बाजूने दुसरं वळलं. दोघं एकाच ठिकाणी चाललेली. मला वाटलं आता एक बाजूला होईल. झालं नाही. दोघं जवळ येत गेली, मला वाळवणातलं फडकं हातातून सोडता येईना. मग एक एकदम वर उठलं, इतकं की पोट दिसलं, आणि दुसरं खालून निघून गेलं. शेतात पाणी देणाऱ्याने वरही पाहिलं नाही.

संध्याकाळी ती आली आणि पायरीवर बसली. जेवण नको म्हणाली. मी म्हटलं, पाहिलं मी. तिने सांगितलं की तिला दोन्ही आधीपासून दिसत होती. दोघांनाही सांगितलं, की समोर दुसरा आहे. एक म्हणाला, रॉजर, म्हणजे ऐकलं. एक म्हणाला, हुकम. आणि दोघंही यायचे थांबले नाहीत.

"थांब म्हणायचं होतं मला," ती म्हणाली. "ओठांवर आलं होतं."

या मुलखात राहिलेल्यांना 'हुकम' ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. इथं मोठ्या घरचे लोक बोलताना हुकम म्हणतात. समोरच्याला मान द्यायचा तर हुकम. होकार द्यायचा तर हुकम. नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा, असं म्हणायचं तरी हुकम. ऐकायला फार गोड. मला तर जयपूरला नवा आलो तेव्हा वाटायचं, आपण कुणी साहेब आहोत.

हुकम म्हणणारा तो विमानवाला म्हणजे त्या शाळेचे मुख्य शिक्षक. सगळे त्यांना कप्तानसाहेब म्हणायचे. माझ्याच वयाच्या आसपासचे, पांढऱ्या मिशा, ताठ मान. एकदा तिने त्यांना मुद्दाम आमच्या घरी चहाला बोलावलं. पट्टीवर सगळ्यांसमोर सांगितलं तर त्यांना लागेल, असं तिला वाटलं. त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधी माझ्या पायांकडे हात नेला, माझ्या हिला नमस्कार केला, चहाची तारीफ केली. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन.

तिने हळू आवाजात विषय काढला. आदेश निघाला की विचारल्याशिवाय शिरता येणार नाही, आणि मी सांगेन ते परत म्हणावं लागेल, शब्दाला शब्द.

कप्तानसाहेब हसले. "मैडम, मैं इस आसमान में तब से हूँ जब नीचे पट्टी पर बकरियाँ बैठी रहती थीं. पहले बकरी हटाओ, फिर उतरो. कौन-सा टावर था?"

"तेव्हा बकऱ्या होत्या," ती म्हणाली. "आता समोरून पन्नास-साठ माणसं घेऊन विमान येणार आहे. मला 'हुकम' चालायचं नाही, कप्तानसाहब."

त्यांनी कप खाली ठेवला, छातीशी हात नेला आणि म्हणाले, "हुकम."

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही. ते गेल्यावर मला म्हणाली, काका, आता ते काय म्हणाले सांगा. हो म्हणाले, की नाही म्हणाले?

आदेशाची वाट पाहण्यात तिचे महिने गेले. मोकळ्या वेळी ती आजूबाजूच्या गावांत जाऊन लोकांना सांगायची की आदेश आला म्हणजे वर काही उडवायचं तर विचारून. मी सोबत जायचो, कारण गावं माझ्या ओळखीची आणि तिची हिंदी वऱ्हाडी. लग्नात फोटोसाठी ड्रोन उडवणाऱ्या एका पोराला तिने वरातीसमोर उभं करून परत म्हणायला लावलं. नवरदेव घोडीवर ताटकळत होता. त्याला वाटलं ही पोलीसच आहे, त्यानेही म्हणून दाखवलं. लोक हसत होते. तिला मात्र रस्त्याने परतताना घाम फुटलेला असायचा. म्हणायची, हे सगळे मान हलवतात हो काका, सगळे नुसते मान हलवतात.

शेवटी आदेश आला. आणि लगेच पहिलं मोठं विमान यायचं ठरलं. चाचणीचं, पण आत माणसं होती, अधिकारी, पुढारी. पट्टीशी मांडव घातला. हार, बँड, शाळेची मुलं. मला बोलावणं होतं, मी गेलो नाही. गच्चीतून सगळं दिसतं, मग दुसऱ्याच्या खुर्चीत कशाला बसायचं? खरं कारण वेगळं होतं. सकाळी ती निघाली तेव्हा तिला चपलेचा पट्टा लागत नव्हता. बोटं ऐकत नव्हती. आमच्या हिने खाली बसून लावून दिला.

मोठं विमान सीकरच्या बाजूने दिसलं. पांढरं, हळूहळू मोठं होत गेलं. त्याच वेळी डोंगराच्या बाजूला एक पिवळं ठिपक्यासारखं होतं. मी मनात म्हटलं, त्याला तिथं थांबवलं असेल. मोठं खाली येत होतं. बँड सुरू झाला, वाऱ्याबरोबर ढोलाचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. आणि पिवळं थांबलेलं नव्हतं. ते पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे वळत होतं.

मी कठडा धरला. तुम्ही कधी पाहिलं नसेल, पाहू नये. दोन्ही टोकांकडून दोघं, मध्ये एकच पट्टी. आणि ओरडून उपयोग नाही. आमच्या वेळी निदान लाल झेंडी घेऊन रुळावर धावता तरी यायचं. आभाळाखाली माणूस कुठं धावणार?

मोठ्या विमानाने नाक उचललं. एवढा आवाज झाला की आमच्या मोरीवरचे पत्रे थरथरले आणि आमची ही आतून देवाचं नाव घेत बाहेर आली. ते घरावरूनच गेलं, वर, वर, आणि चौमूंच्या बाजाराकडे वळून लांब गेलं. उतरलं नाही. खाली बँडवाल्यांना कुणी थांबवलं नाही, ते वाजवतच राहिले. मग पिवळंही वळलं, डोंगराकडे परत गेलं आणि तिथं गोल फिरू लागलं. मोठं बऱ्याच वेळाने आलं आणि उतरलं. तोवर हार सुकले असतील.

आत काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. कप्तानसाहेब एका शिकाऊ मुलीला घेऊन वर होते. हिने टॉवरातून त्यांना सांगितलं, मोठं विमान सीकरकडून उतरतं आहे, तुम्ही डोंगरावर थांबा. ते म्हणाले, हुकम. ती म्हणाली, परत म्हणा. ते म्हणाले, हुकम, सुन लिया. ती म्हणाली, परत म्हणा. खाली मंडळी बसलेली, मोठं विमान उतरायची परवानगी मागतंय, शेजारी उभे असलेले साहेब म्हणतायत, मॅडम, ते म्हणाले ना ऐकलं म्हणून, द्या परवानगी. तिने दिली नाही. मोठ्याला सांगितलं, वर जा. आणि तिसऱ्यांदा कप्तानसाहेबांना म्हणाली, काय ऐकलं ते म्हणा.

तेव्हा ते चिडून म्हणाले. त्यांनी ऐकलं होतं की मोठं विमान थांबलं आहे, तुम्ही उतरा. मुलगी त्याच क्षणी काहीतरी विचारत होती, इंजिन वाजत होतं, अर्धं वाक्य त्यात गेलं. उरलेलं अर्धं त्यांनी आपल्या मनाने भरलं. इतकी वर्षं ते आभाळ त्यांचंच होतं, तेव्हा आधी मीच उतरणार याचं त्यांना नवल वाटलं नाही.

"मी परवानगी दिली असती तर," ती म्हणाली. आमच्या हिने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मी उठून उगाच फाटकाची कडी बघून आलो.

यानंतर गावाने तिचं कौतुक केलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. दुर्घटना झाली असती तर सगळ्यांना कळलं असतं. जे झालंच नाही ते कुणाला दिसणार? लोकांना दिसलं ते एवढंच, की पुढाऱ्यांचं विमान तिने उतरू दिलं नाही आणि बँडची शोभा झाली. नियमाप्रमाणे तिला झालेलं वर कळवावं लागलं. कप्तानसाहेबांचं उडणं चौकशी होईपर्यंत थांबलं आणि शाळा मंदावली. शाळेवर जगणारे ढाबेवाले, जीपवाले, खोल्या देणारे, सगळ्यांची तोंडं फिरली. दूधवाला आता तिच्याशी बोलायचा नाही, दूध ओतून निघून जायचा.

दोघं-तिघं माझ्याकडे आले. म्हणाले, बाबूजी, आपण बुजुर्ग आहात, मॅडमला दुसरी जागा बघायला सांगा. मी म्हटलं, घर माझं, वरची खोली माझी, तिथं कोण राहील ते मी ठरवीन. ते म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, विचार चौथीत सोडला. त्यानंतर आमच्याकडेही बरेच जण येईनासे झाले. आमच्या हिला त्याचं वाईट वाटलं. मला वाटलं नाही.

वाईट वाटलं ते वेगळ्या गोष्टीचं. आता तिला अधिकार मिळाला होता. थांब म्हणायचं, उतर म्हणायचं. आणि तिची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. आधी म्हणायची, मला बोलता येत नाही. आता म्हणायची, काका, आता माझ्याच तोंडून चूक जाईल. एक शब्द. मी थकले असेन आणि कुणीतरी हो म्हणेल आणि मी पुढे जाईन. ती कामाला जाताना रोज जिन्यात थोडी थांबायची, एक हात भिंतीवर. मग जायची. न जाता राहिली असं एकदाही झालं नाही.

एक दिवस कप्तानसाहेब फाटकात आले. मिशा तशाच, मान थोडी खाली. ती कामावर होती. आत या म्हटलं तर आले नाहीत. त्या दिवशी सोबत असलेली मुलगी एका शेतकऱ्याची एकुलती एक आहे, म्हणाले. तिचे वडील मला रोज फोन करून विचारतात, साहेब, पोरगी कधी पास होईल? मी त्यांना काय सांगू?

ते वरच्या खोलीच्या दाराकडे बघत उभे राहिले आणि मग गेले. तिला सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, मुलगी चांगली आहे, नीट परत म्हणते.

मदतीची माणसं आली, टॉवर भरला आणि तिची बदली निघाली. शिक्षा म्हणून नव्हे, नेहमीची, असं सगळे म्हणाले. दूर पूर्वेकडे कुठंतरी, जिथं पाऊस आणि डोंगर. सामान थोडं होतं. आमच्या हिने तिला लोणचं दिलं, शेवया दिल्या, आणि रडून घेतलं. मी तिला जयपूरच्या बसपर्यंत सोडायला गेलो. पेटी मीच उचलली. ती नको म्हणत होती.

बस सुटायला वेळ होता. ती खिडकीशी बसली, मी खाली उभा राहिलो. वऱ्हाडात या कधी काका, म्हणाली. मी म्हटलं, बघू. मग मी तिच्यासाठी केळी घ्यायला हातगाडीपर्यंत गेलो आणि घेऊन आलो, तोवर ती झोपली होती. डोकं काचेला टेकलेलं, तोंड जरासं उघडं, लहान पोरीसारखं. इतक्या महिन्यांत मी तिला झोपलेली पहिल्यांदा पाहिली.

तेवढ्यात एक पिवळं विमान आलं. अगदी डोक्यावरून, फार खाली, आवाज करत. शेजारच्या बाईने कानावर हात ठेवले. ती जागी झाली नाही. पापणीही हलली नाही.

केळी मी कंडक्टरकडे दिली. बस हलली, वळली, जयपूरच्या रस्त्यावर दिसेनाशी झाली. मी तिथंच रस्त्याच्या कडेला वर बघत उभा होतो. विमान अजून उतरलं नव्हतं.